थकलेल्या उजेडाची तपासणी

आमच्या विभागात विश्वाचं काम चालतं आणि मी तिथं चहा करते. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. नायगावला माहेरी गेले होते तेव्हा वहिनीनं विचारलं, "विश्वाचं म्हणजे नेमकं काय करून राहिलेत तिथं?" मी म्हणाले, "संगणकाकडं बघतात आणि माना हलवतात." सगळे हसले, मीही हसले. घरी परत येताना एसटीत मला ते उत्तर बरं वाटलं नाही. तिथं काय करतात ते मला तोवर थोडं थोडं कळायला लागलं होतं, पण चारचौघांत सांगायला तोंड उघडत नव्हतं. लिहिताना कुणी आपल्या तोंडाकडं बघत नाही, म्हणून लिहून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा जमेल तसं.

मी नांदेडला विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात कामाला आहे. सकाळी कुलपं उघडायची, फरशी पुसायची, वर्गातले फळे पुसायचे, माठ भरायचा, टपाल ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचं आणि दिवसभर चहा. फळे पुसायचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. कुणाचं काय अर्धवट राहिलं असेल सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडं पद्धत आहे, ज्याच्याभोवती चौकोन काढलेला असेल ते पुसायचं नाही. काही चौकोन मी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत सांभाळलेत.

बाहेरच्या लोकांना वाटतं, इथं मोठी दुर्बीण असेल. एक लहान दुर्बीण आहे, ती कपाटात कापडाखाली असते. खरं बघण्याचं काम लांब कुठं डोंगरांवर आणि वर आकाशात सोडलेल्या यंत्रांवर होतं. तिथून सगळं मोजलेलं इथं संगणकात येतं. इथं ते जुळवून बघतात.

जुळवतात म्हणजे काय, ते मला प्रज्ञानं सांगितलं. प्रज्ञा हदगावची. वडील कापसाच्या जिनिंगवर कामाला. ती आमच्या सरांकडं पीएच.डी. करत होती. सर म्हणजे विभागप्रमुख. दुपारी ती डबा घेऊन माझ्या चहाच्या खोलीत यायची, कारण तिला एकटीला जेवण जात नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्ही रोज ते रंगीत डाग बघता, ते काय असतात?" तिच्या संगणकावर नेहमी लांबट लांबट डाग असायचे, एक निळा, एक तांबडा, एक हिरवा, एकावर एक पडलेले. लहान लेकरानं रांगोळी सांडल्यासारखे.

ती म्हणाली, "मावशी, म्हैस हरवली तर काय करता?"

"विचारत फिरते की."

"कुणी म्हणतं, लोह्याच्या रस्त्याला बघितली. पण रस्ता केवढा लांब. दुसरा म्हणतो, नदीच्या अल्याड हाय. अल्याड पण लई मोठं. तिसरा म्हणतो, कुठल्या तरी विहिरीजवळ होती. एकेकाचं ऐकून म्हैस सापडंल का?"

"न्हाई."

"पण रस्ता, नदीची अलीकडची बाजू आणि विहीर, तिन्ही जिथं एकत्र येतात तिथं गेलं तर?"

"तिथंच सापडंल."

"एकेक डाग म्हणजे एकेक साक्षीदार. एकानं फुटणारे तारे बघितलेत. दुसऱ्यानं आकाशात सगळीकडून येणारी जुनी ऊब मोजली. तिसऱ्यानं ताऱ्यांचे मोठमोठे झुबके कसे पसरलेत ते मोजलं. तिघांची एकमेकांशी ओळख न्हाई. आणि आपलं विश्व कसं झालं, कसं वाढतंय, ह्याचे लोकांनी अंदाज मांडलेत, त्याला मॉडेल म्हणायचं. खरं मॉडेल असंल तर तिन्ही डाग एका जागी भेटले पाहिजेत. एका साक्षीदारापुढं कुणीपण खरं ठरतं, मावशी. तिघांपुढं एकाच वेळी खरं ठरणं अवघड."

एवढं कळल्यावर मला त्या डागांबद्दल माया वाटायला लागली. सकाळी तिचं टेबल पुसताना संगणक चालू दिसला तर बघायचे, आज भेटलेत का. बहुतेक वेळा भेटलेले असायचे, थोडेसे.

आमच्या विभागात विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे लोकही येतात. लातूरकडं जमीन गडगडली की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी येतं, परत कधी गडगडणार विचारायला. त्यांना सर भूगर्भवाल्यांकडं पाठवतात. आणि काही लोक स्वतःचं विश्व घेऊन येतात. हे खरं आहे. एक निवृत्त गुरुजी फणसासारखं विश्व घेऊन आले होते, प्रत्येक गऱ्यात एक जग. एका गृहस्थांना आपलं मॉडेल बरोबर आहे असा शिक्क्याचा कागद पाहिजे होता, बाकी काही नको. एक जण दारातूनच म्हणाले, "सरांना सांगा, आजपासून जुनं सगळं रद्द."

दुसरीकडं अशा लोकांना फाटकावरून परत पाठवतात असं ऐकते. आमच्या सरांचा नियम वेगळा. आलेल्याला आधी बसवायचं, चहा द्यायचा, पूर्ण ऐकून घ्यायचं. मग सर एकच प्रश्न विचारतात. "काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की माझं चुकलं?"

तेवढ्या प्रश्नावर बहुतेकांचा चहा अर्धा राहतो. गुरुजी म्हणाले, "चुकायचा प्रश्नच कुठं येतो?" शिक्केवाले रागावून उठले. मला वाटायचं सरांनी असं विचारू नये, माणूस लांबून आलेला असतो. पण सर हाच प्रश्न प्रज्ञाला विचारायचे, आणि फळ्यासमोर उभं राहून स्वतःलाही विचारताना मी बघितलंय. म्हणून मी काही बोलत नव्हते.

मन्मथअप्पा आले ते असेच. चाकूरचे. वीज मंडळात लाईनमन होते, निवृत्त होऊन बराच काळ झालेला. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, खिशाला टेस्टर लावलेला, निवृत्त झाले तरी. दारात उभे राहून आधी त्यांनी आमच्या स्विचबोर्डाकडं बघितलं.

"अक्का, हे अर्थिंग कुणी केलं?"

मी म्हणाले, "मला न्हाई माहीत."

"ज्यानं केलं त्याला हात लावाया सांगा एकदा. मग त्यालाच कळंल." मग टोपी सारखी करून म्हणाले, "सर हाईत का? विश्वाबद्दल जरा बोलायचं हाय."

मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्यांचं सांगणं रंगात आलं होतं. नातीच्या मोबाइलवर त्यांनी ऐकलं होतं की लांबच्या चांदण्यांच्या झुबक्यांचा उजेड तांबडा होतो, आणि त्यावरून शास्त्रज्ञ म्हणतात विश्व फुगतंय, सगळे एकमेकांपासून लांब पळतायत. अप्पांना ते पटलं नव्हतं.

"सर, डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, जवळच्या घरात बल्ब कसा, पांढरा फकफकीत. शेवटच्या वस्तीवर तोच बल्ब लावा. तांबडा, विडीवानी. तो बल्ब काय पळून चालला का? न्हाई. लाईन लांब हाय. वाटंत व्होल्टेज पडलं. आकाशात पण तसंच हाय. कुणी पळत न्हाई, कुणी फुगत न्हाई. उजेड लई लांबून येऊन राहिला, वाटंत थकला, म्हणून तांबडा झाला."

मला ते एकदम पटलं. आमच्या गावातला शेवटचा बल्ब मी बघितलेला होता.

सर म्हणाले, "अप्पा, तुमच्या आधी एका मोठ्या शास्त्रज्ञानं हेच म्हटलं होतं. थकलेला उजेड."

अप्पा खूश झाले. "मग?"

"मग ते मॉडेल पडलं. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"पडलं असंल," अप्पा म्हणाले. "मी न्हाई बघितलं पडताना."

 मग सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले, आता चहा अर्धा राहणार म्हणून. अप्पांनी चहा पूर्ण संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्याला टायम लागंल मला. विचार करून सांगतो." आणि चाकूरच्या गाडीला निघून गेले.

पुढच्या महिन्यात ते परत आले. असं कधी झालं नव्हतं. प्रज्ञा सरांच्या खोलीतच होती. अप्पा बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"सर, लई विचार केला. मी पोलवर असताना लांबच्या डीपीवर फ्यूज उडायचा. ठिणगी दिसायची. ती जवळून बघा नाहीतर दोन कोसांवरून बघा, जेवढा वेळ उडती तेवढाच वेळ दिसती. लांबून बारीक दिसंल, तांबडी दिसंल, पण जास्त वेळ दिसणार न्हाई. थकलेला उजेड तांबडा होईल, पण त्याला वेळ जास्त लागायचं कारण न्हाई. तर आकाशात अशी ठिणगी हुडका. लांबची ठिणगी जवळच्यापेक्षा जास्त वेळ उडताना दिसली, तर माझी लाईन बंद करा."

 सर आणि प्रज्ञा एकमेकांकडं बघत होते. मला वाटलं, अप्पांनी काहीतरी चुकीचं म्हटलं की काय. मग सर म्हणाले, "बसा अप्पा. प्रज्ञा, ह्यांचं मॉडेल तिन्ही साक्षीदारांपुढं उभं कर. आपलं करतो तसंच, एक पायरी न सोडता."

अप्पा गेल्यावर प्रज्ञा चहाच्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "मावशी, त्यांनी स्वतःच स्वतःला पकडायचा सापळा सांगितला. तीच तपासणी हाय ती. फुटणाऱ्या ताऱ्यांची."

"मग त्यात काय निघंल?"

तिनं नुसती मान खाली घातली. उत्तर मला कळलं.

खरं तर ह्यात अप्पांचं मॉडेल पडणार, हे तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. मी सरांना तसं विचारणार होते, पण माझं विचारायचं राहूनच जातं. सर स्वतःच एकदा बोलता बोलता प्रज्ञाला म्हणाले, की सांगून काही पटत नाही, ते म्हणतात मी पडताना बघितलं नाही, तर आपण दाखवलं पाहिजे. शिवाय ह्या निमित्तानं तुझाही हात बसेल.

मग अप्पा दर महिन्याला येऊ लागले. प्रज्ञा त्यांना झालं तेवढं काम दाखवायची. पहिली तपासणी अंतराप्रमाणं तांबडेपणा वाढतो का, ही होती. त्यात अप्पांचं मॉडेल पास झालं. त्या दिवशी अप्पांनी चाकूरहून आणलेले पेढे सगळ्या विभागाला वाटले. प्रज्ञा म्हणाली, "अप्पा, अजून दोन बाकी हायत." अप्पा म्हणाले, "पहिल्या पेपरला पास झालेल्यानं पेढे वाटू नयेत असं कुठं लिहिलंय?"

प्रज्ञाचं काम चाललेलं असे तोवर ते माझ्याजवळ येऊन बसायचे. सगळे मला मावशी म्हणतात आणि चहा मागतात. अप्पा अक्का म्हणायचे आणि काहीबाही विचारायचे. नायगावात लाईन कधी आली, आमच्या घरी मीटर कुठं होतं, पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा मी काय केलं. मी सांगितलं की मी फुंकर मारून बघितली. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. माझ्याकडून इतकं बोलणं कुणी काढून घेतलं नव्हतं. घरी गेल्यावर मलाच नवल वाटायचं.

एक दिवस त्यांचा मुलगा बसवराज आला, एकटाच. चाकूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो सरांच्या खोलीत गेला नाही, चहाच्या खोलीच्या दारात उभा राहून माझ्याशी बोलला.

"मावशी, एक विनंती हाय. तुमच्या सरांना सांगा, एकदाचं न्हाई म्हणून टाका म्हणावं. आई गेल्यापासून त्यांनी हे धरलंय. ह्या वयात अहमदपूर, लोहा करत गाडीनं येतात. उन्हाचं बसस्टँडवर बसतात. गावात पोरं त्यांना विश्वअप्पा म्हणतात. मला ऐकू येतं ते. तुम्ही न्हाई म्हणलात की येणं बंद होईल, घरी सावलीत बसतील."

मी म्हणाले, "तपासणी चालू हाय."

"ते खरं न्हाई निघणार, हे तुम्हाला पण माहीत असंल की."

मी कप विसळायला घेतला. तोच म्हणाला, "त्यांना पण माहीत असंल. तरी येतात. ह्याला काय म्हणावं?"

तो चहा न घेता गेला. तेव्हापासून माझ्या मनात हेच. तपासणी पुरी झाली की अप्पांचं येणं संपणार. बसवराजचं म्हणणंही खरं होतं, ते ऊन मला माहीत होतं. पण घरी सावलीत बसलेले अप्पा मला डोळ्यांपुढं आणता येईनात. प्रज्ञाचं काम पुढं सरकलेलं दिसलं की मला वाटायचं, जरा हळू करावं हिनं.

ते शेवटी झालं. प्रज्ञानं मला आदल्या दिवशीच सांगितलं. "मावशी, उद्या अप्पा येतील. मला सांगवणार न्हाई. सरांना म्हणलं तुम्ही सांगा. सर म्हणतात तपासणी तू केलीस, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. इस्त्रीचा सदरा घातलेला. सरांच्या खोलीत प्रज्ञानं संगणक त्यांच्याकडं वळवला. मी चहा ठेवला, आणि सरांनी मला खुणेनं बस म्हटलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा खुर्चीत बसले.

प्रज्ञा म्हणाली, "अप्पा, चाकूरहून नांदेडला तासातासाला गाडी सुटते असं धरा. गाडी म्हातारी हाय, दमत दमत येते. तरी नांदेडला दोन गाड्यांत अंतर किती पडंल?"

"एक तासाचंच. दोन्ही सारख्याच दमल्या तर."

"आणि गाड्या चालू असताना रस्ताच लांबत गेला तर?"

अप्पांनी बोटानं टेबलावर रस्ता ओढून बघितला. मग हळू म्हणाले, "मागच्या गाडीला जास्त रस्ता पडंल. ती आणखी उशिरा येईल."

"म्हणजे दोघींत अंतर वाढंल. तारा फुटला की आधी उजळतो, मग विझत जातो. त्या सुरुवातीचा उजेड ही पहिली गाडी. शेवटचा उजेड ही मागची गाडी." तिनं बटण दाबलं. "हे जवळचे तारे. हे लांबचे. लांबचे विझायला जास्त वेळ घेतात, अप्पा. जेवढे लांब तेवढा जास्त वेळ."

अप्पांनी खिशातून चष्मा काढला. संगणकाच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. एकेका रेषेवर बोट ठेवून विचारलं, हा कुठला, हा किती लांबचा, हे मोजलं कुणी, कशानं मोजलं. प्रज्ञानं प्रत्येकाचं उत्तर दिलं.  बाहेर कुणीतरी सरांना भेटायला येऊन उभं होतं, त्याला सरांनी हात करून थांबवलं.

"ठिणगी जास्त वेळ उडती," अप्पा म्हणाले.

"हाव."

"आणि तिसरी तपासणी?"

"ती जुनी ऊब. सगळ्या आकाशात सारखी हाय, चूल विझल्यावर सगळ्या खोलीत राहती तशी. थकलेल्या उजेडातून तशी ऊब तयार होत न्हाई. तिथं पण न्हाई बसलं." तिनं डाग दाखवले. निळा एका कोपऱ्यात, तांबडा वर, हिरवा पार दुसरीकडं. एकमेकांच्या गावालाही न गेलेले. "अप्पा, एका जागी भेटत न्हाईत."

बोलता बोलता तिचा आवाज बदलला. अप्पा तिच्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तू का तोंड पाडतीस? तुझी लाईन हाय का माझी?"

मग ते खुर्चीत मागं टेकून बसले. चहा गार झाला होता, तरी त्यांनी तो प्यायला.

"ठीक हाय. माझी बंद," ते म्हणाले. "आता तुमची दाखवा. तुमचे तिन्ही डाग एका जागी भेटतात का?"

प्रज्ञानं सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "दाखव."

तिनं दुसरं चित्र लावलं. ह्यात डाग एकमेकांवर पडले होते, नेहमी मी बघायचे तसे. अप्पा म्हणाले, "भेटले की."

"भेटतात. पण एक गोष्ट हाय," प्रज्ञा म्हणाली. "विश्व आत्ता किती वेगानं वाढतंय, हे दोन वाटांनी मोजतात. एक वाट त्या जुन्या उबेवरून. दुसरी जवळच्या ताऱ्यांवरून पायरी पायरीनं." तिनं चित्र मोठं केलं. दोन बारके डाग शेजारी शेजारी, मध्ये पांढरी फट. "हे दोन भेटत न्हाईत."

अप्पा ताठ झाले. "मीटर खराब असंल एखादं."

सर म्हणाले, "जगभरचे लोक तेच तपासतायत, अप्पा. मीटर तपासली, वायर तपासली, मोजणारे बदलले. फट आहे तिथंच आहे."

"मग एक मोजणी सोडून द्या. माझं तर अख्खं मॉडेल घालवलं, तुम्हाला एक सोडाया काय जड?"

प्रज्ञा पहिल्यांदा हसली. "कुठली सोडू? दोन्ही चांगल्या लोकांनी मोजल्यात. आवडत न्हाई म्हणून साक्षीदाराला घरी पाठवलं तर तुमचं मॉडेल पण पास झालं असतं."

अप्पांनी मान हलवली. मग सरांना नमस्कार केला आणि उठले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. एरवी ते रस्ताभर बोलायचे, कुठल्या पोलाची तार सैल आहे, कुठं झाड घासतंय. त्या दिवशी गप्प होते. फाटकाजवळ रिक्षाची वाट बघताना म्हणाले, "अक्का, आता घरी काय सांगू? बसवराज म्हणंल, झालं ना, बसा आता. गावातली पोरं म्हणतील, येडं झालतं म्हातारं, विद्यापीठानं पण सांगितलं."

मला पटकन काही सुचत नाही. चार दिवसांनी सुचतं. पण त्या वेळी सुचलं, आणि मी बोलले.

"तपासून आणलं म्हणून सांगा. येड्याचं कुणी तपासत न्हाई, अप्पा. शिक्केवाल्याचं न्हाई तपासलं, गुरुजींचं न्हाई तपासलं. प्रज्ञानं एवढे महिने तुमचं तपासलं, आणि तपासायचं कसं ते तुम्हीच सांगितलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. रिक्षा आली. बसताना म्हणाले, "तू बोलतीस की, अक्का." एवढंच. 'तू' म्हणाले, त्याचं मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला समजावत होते की बसवराजचं खरं झालं, माणूस सावलीत आहे, चांगलंच झालं. पण दुपारी दारात कुणाची सावली पडली की मी बघायचेच. प्रज्ञानं एकदा फोन लावला, लागला नाही. सर फळ्यापुढं उभे होते तेव्हा मला एकदा विचारावंसं वाटलं, की तुमच्या त्या प्रश्नानं बरं होतं का वाईट होतं. विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं असं अजून वाटतं. सरांनी खरं उत्तर दिलं असतं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मी कप धूत होते. मागून आवाज आला, "अजून तेच अर्थिंग का?"

अप्पा होते. जास्तच वाळलेले. आजारी होते म्हणे, तापानं अंथरूण धरलं होतं. ह्या वेळी एकटे नव्हते, बसवराज बरोबर होता. तोच घेऊन आला होता आणि तोच वैतागला होता.

"मावशी, तुम्हीच सांगा ह्यांना," तो म्हणाला. "मी म्हणलं, तुमचं पडलं ना? आता नांदेडला काय हाय? तर म्हणतात कसं, माझं पडलं, त्यांचं अजून मधेच लटकलंय, बघाया नको का? घरात बसून हेच. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगतात, माझं मॉडेल विद्यापीठानं रीतसर नापास केलं. पोरं पण आता विश्वअप्पा म्हणंनात. नापासअप्पा म्हणतात."

"हे नाव खरं हाय," अप्पा म्हणाले, "म्हणून मी ओ देतो."

मी प्रज्ञाला बोलवायला गेले. म्हणजे पळतच गेले, फरशी ओली असताना. ती आली, तिनं अप्पांचा हात धरला आणि म्हणाली, "किती दिवस लावलेत! काय आणलंय, नवीन मॉडेल?"

"न्हाई. आता कशाला." अप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "ती फट भरली का?"

"न्हाई अप्पा. अजून न्हाई."

"काही फरक?"

"काही म्हणतात थोडी कमी झाली. काही म्हणतात तेवढीच हाय."

बसवराजनं कपाळाला हात लावला. अप्पांनी त्याला दुसरी खुर्ची दाखवली.

"बस. अक्का, ह्याला पण चहा टाक," ते म्हणाले. मग प्रज्ञाकडं वळले. "आणि तू घाई करू नकोस पोरी. मी येत जाईन."